मनगटावरचा काळा दोरा

प्रायव्हसी हा शब्द आपल्या वस्तीत काढला की लोक हसतात. हसणारच. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात, मोरीला जुन्या साडीचा पडदा, संडासापुढं रांग, नवरा-बायकोचं भांडण चार घरांना तोंडपाठ. तिथं कसली प्रायव्हसी नि कसलं काय! मग आपल्यातलाच एखादा शिकलेला बोलतो, सोड रे, ही फ्लॅटवाल्यांची थेरं. आपला प्रश्न भाकरीचा, पाण्याचा, नोकरीचा.

दोस्तहो, हे वाक्य आपलं नाही. ते सरकारचं आहे. आधारचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता तेव्हा सरकारी बाजूनं हाच सूर लावला होता. प्रायव्हसी ही वरच्या मूठभरांची चैन, गरिबाला रेशन पाहिजे, त्याला हे कशाला? नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं निकाल दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि ही वरच्या वर्गाची चैन आहे हे म्हणणं त्यांनी फेटाळून लावलं. कोर्टानं फेकून दिलेलं वाक्य आपण मात्र अजून तोंडात घोळवत बसलोय.

आणि कोर्टाच्या सत्तर वर्षं आधी हा हक्क कुणी मागितला होता? बाबासाहेबांनी. १९४७ साली संविधान सभेपुढं त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवलं. त्यातल्या मूलभूत हक्कांत साफ लिहिलंय की माणसाचं अंग, त्याचं घर, त्याचे कागद, त्याची चीजवस्तू यांची वाटेल तशी झडती-जप्ती करता येणार नाही. हे कलम चर्चेला आलं. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी हरकत घेतली, पोलिसांच्या तपासाला अडचण होईल म्हणून. कलम गळालं. संविधानात ते आलंच नाही.

बाबासाहेबांकडं दादरला घर होतं, पुस्तकांनी भरलेलं. ते कलम त्यांनी त्या घरासाठी मागितलं नव्हतं. या देशात दार लाथेनं कुणाचं उघडलं जातं हे त्यांना माहीत होतं. ज्याला ते आजही कळत नाही त्यानं परभणीला जाऊन यावं. १० डिसेंबर २०२४ ला तिथं संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला. आणि मग पोलीस शिरले ते आपल्याच वस्त्यांत. धरपकड झाली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा एक पोरगा होता. १५ डिसेंबरला तो कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. संविधान फुटलं आपलं, दारं फुटली आपली, मेला तोही आपला. आता सांगा, ते गळालेलं कलम फ्लॅटवाल्याचं की आपलं?

आता जरा मागं चला. १९३६ चं जातिनिर्मूलनावरचं भाषण, जे लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना करूच दिलं नाही. त्यात त्यांनी पेशवाईतल्या गोष्टी नोंदवल्यात. कमरेला झाडू, गळ्यात मडकं हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच जागी आणखी एक गोष्ट आहे ती आपण विसरतो. अस्पृश्यानं मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा. कशासाठी? ओळख पटावी म्हणून. चुकून शिवून कुणी बाटू नये म्हणून. म्हणजे सुरक्षा! त्यांची सुरक्षा, आणि दोरा आपल्या मनगटात. पाळतीचं सगळं शास्त्र त्या एका दोऱ्यात आहे. बाकी सगळी पुढची यंत्रं.

गोरा आला. त्यानं दोरा सोडला, रजिस्टर उघडलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. नावं नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी काढा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत केली. बोटाच्या ठशांची पहिली सरकारी कचेरी निघाली १८९७ साली, लंडनला नाही, कलकत्त्याला. साहेबानं नवं यंत्र आधी आपल्या बोटांवर चालवून पाहिलं, पटलं तेव्हा आपल्या देशात नेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. लोकांनी पेढे वाटले असतील. तोवर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं १९५९ चा मुंबई कायदा. शिक्का पुसला, रजिस्टर राहिलं.

आणि आता? २०२२ साली संसदेनं नवा कायदा केला. अटक झालेल्या माणसाची बोटं, तळवा, डोळ्याचं बुबुळ, रक्ताचा नमुना, सही, अक्षर, सगळं घ्यायचं आणि पंच्याहत्तर वर्षं ठेवायचं. पंच्याहत्तर वर्षं! आपल्या वस्तीत माणूस तेवढा जगत नाही. कुणी म्हणेल, कायदा सगळ्यांना सारखा. असेल. पण तुरुंगात कोण आहे? २०२१ साली सरकारनंच संसदेत सांगितलं की देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ६६ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी. मग ते पंच्याहत्तर वर्षांचं रजिस्टर कुणाचं होणार ते बोटं न मोजता कळतं. आणि तुरुंगाच्या रजिस्टरात जातीचा रकाना होता तो पुसा असं सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगावं लागलं. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर!

आता मनगटाकडं या. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड, पंचकुला. गेल्या काही वर्षांत या शहरांनी सफाई कामगारांच्या मनगटावर घड्याळं चढवली. वेळ बघायची नव्हेत. आत जीपीएस, आत सिम. काही ठिकाणी माइक आणि कॅमेराही. झाडणारी बाई कुठल्या गल्लीत आहे, किती वेळ उभी आहे, हद्दीबाहेर गेली का, हे कचेरीत बसलेल्या साहेबाला पडद्यावर ठिपक्यासारखं दिसतं. ठिपका हलला नाही की कामचोर. ठिपका बाहेर गेला की गैरहजर, पगार कापला. चंडीगडच्या बायांनी बातमीदारांना सांगितलं, संडासात जायची भीती वाटते, कुणी बघत असेल, ऐकत असेल. त्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. कमिशनरच्या मनगटावर हे घड्याळ आहे का? इंजिनियरच्या? रस्त्याच्या टेंडरात खडी खाणाऱ्या ठेकेदाराच्या? झाडू ज्याच्या हातात, घड्याळ त्याच्याच मनगटात. पेशव्यांचा दोरा सुती होता. यांचा बॅटरीवर चालतो.

साहेब म्हणतो, हे तुमच्याच भल्यासाठी. सेफ्टी. बरं, सेफ्टीचंच बोलू.

गटारात उतरून माणसं मरतात. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख. मोल वाढलं, मरण थांबलं नाही. सरकारनं स्वतः संसदेत दिलेला आकडा आहे, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ मेले. हा सरकारनं मान्य केलेला आकडा. आणि उतरतं कोण? सरकारनंच २०२४ पर्यंत सुमारे ३८,००० गटार-सेप्टिक टँक कामगारांची नोंद केली, त्यात जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातीचे.

खाली विषारी वायू आहे का ते सांगणारं यंत्र मुठीत मावतं. गटारात माणसाऐवजी उतरणारा यंत्रमानव केरळच्या पोरांनी बनवला, २०१८ साली तिरुवनंतपुरमला कामाला लावला. म्हणजे तंत्रज्ञान नाही असं नाही. आभाळातल्या उपग्रहापासून झाडूवालीच्या मनगटापर्यंत तार जोडता येते. मॅनहोलच्या तोंडापासून वीस फूट खाली मात्र यांचं विज्ञान पोचत नाही. तिथं दोरी बांधून माणूस सोडतात. वरून बघायचं यंत्र पहिलं आलं, खाली वाचवायचं यंत्र अजून टेंडरात अडकलंय. हा योगायोग नाही साल्यांनो, ही जात आहे. जात म्हणजे काय तर कुणावर नजर ठेवायची आणि कुणाकडं बघायचंच नाही याचा नियम.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. ठेकेदाराच्या दारात अंगठ्याचं मशीन आहे. साखळदंड, लोखंड, वायरची स्लिंग, खताच्या गोणी यांनी बोटांची कातडी घासून जाते, आणि मशीनला बोट ओळखू येत नाही. माझ्या पाळीतल्या जुन्या माणसांच्या बोटांवर तर रेघच उरली नाही, चोळून चोळून पाटा व्हावा तशी बोटं. मशीन लाल दिवा लावतं, मुकादम अर्धा खाडा मांडतो. ज्या कामानं बोट झिजलं त्याच कामाची हजेरी ते बोट देऊ शकत नाही. आम्ही समोर उभे, अंगावर घाम, पाठीवर वळ, तरी हजर नाही. यंत्राला पुरावा पाहिजे. माणूस हा पुरावा नव्हे.

हे आमच्या एका गेटवरचं रडगाणं नाही. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची पोर मेली. घरचं रेशन कार्ड आधारला जोडलं नाही म्हणून रद्द झालेलं. आई म्हणत होती, पोर भात मागत मेली. सरकार म्हणालं, मलेरिया. २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या मजुरांना दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो सक्तीचा केला. नेटवर्क नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर मजुरी नाही. जी योजना या महाराष्ट्राच्या दुष्काळात, १९७२ च्या सुमाराला दगड फोडणाऱ्या हातांनी उभी केली, तिच्यात मजुराच्या घामापेक्षा मोबाइलचा शब्द खरा ठरला.

आता गंमत बघा. आपलं सगळं उघडं पडत असताना खाजगीपणा नावाची चीज मिळाली कुणाला? २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्यात केंद्र सरकार आपल्या वाटेल त्या खात्याला सूट देऊ शकतं. आणि त्याच कायद्यानं २००५ च्या माहिती अधिकाराला कात्री लावली. वैयक्तिक माहिती म्हटलं की संपलं, नकार. मस्टर कुणाच्या नावावर निघालं, ठेका कुणाच्या मेव्हण्याला गेला, कोणत्या साहेबानं कोणत्या कागदावर सही केली, हे विचारून आपल्या माणसांनी खोटी मस्टरं पकडली होती. आता साहेब म्हणेल, ही माझी वैयक्तिक माहिती. झाडूवालीचं संडासात जाणं सार्वजनिक, साहेबाची सही खाजगी!

आणि लॉकअपचा कॅमेरा? २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, दारात. पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, ते चालत नाहीत म्हणून कोर्टाला पुन्हा आपणहून विचारावं लागलं. नाक्यावरचा कॅमेरा रात्रंदिवस चालू. जिथं काठी चालते तिथला नेमका बंद.

कुणी म्हणेल हा गडी यंत्राच्या विरोधात आहे. अजिबात नाही. क्रेन आली म्हणून आमच्या बापाची पाठ वाचली हे मला ठाऊक आहे. ११ जुलै २०१६ ला उनाला आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच मिरवायला फिरवला. तोच उलटला, गुजरात पेटला. यंत्राला जात नसते. यंत्राचं तोंड कुणीकडं वळवायचं हे ठरवणाऱ्याला जात असते. आपली लढाई त्या तोंडाची आहे.

म्हणून चळवळीच्या अजेंड्यावर हे आलं पाहिजे. पुतळा, जयंती, राखीव जागा याच्या खाली 'इतर विषय' म्हणून नव्हे.

एक : कामगाराच्या अंगावर पाळतीचं कुठलंही यंत्र त्याच्या युनियनच्या लेखी संमतीशिवाय चढवायचं नाही.

दोन : अंगठा उमटला नाही, फोटो चढला नाही म्हणून रेशन आणि मजुरी अडवायची नाही. अडवणाऱ्यावर गुन्हा.

तीन : ज्या पालिकेनं माणसाला गटारात उतरवलं तिच्या कमिशनरवर २०१३ च्या कायद्याखाली खटला. आधी वायू मोजायचं यंत्र, मग बाकीचं.

चार : लॉकअपच्या कॅमेऱ्याचं चित्रण कोठडीत मेलेल्याच्या घरच्यांना चोवीस तासांत. चित्रण नाही मिळालं तर ठाणेदार जबाबदार.

पाच : मस्टर, ठेका, बिल सगळं उघडं. सार्वजनिक पैशाला खाजगीपणा नाही.

सहा : १९५९ च्या कायद्याची रजिस्टरं बंद. आणि बाबासाहेबांचं १९४७ चं गळालेलं कलम संविधानात परत.

पोरांनो, आपण नाव सांगताना आडनाव गिळतो. भाड्याची खोली बघायला जाताना गळ्यातलं लॉकेट शर्टाच्या आत ढकलतो. इंटरव्ह्यूत गाव विचारलं की शेजारचं शहर सांगतो. रोज करतो हे. ही लाज नव्हे, ही आपली प्रायव्हसी आहे, आपली आपण उभी केलेली, कारण दुसरी कुणी दिली नाही. या देशात आपली माहिती म्हणजे आपल्यावर चालवायचं हत्यार, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? मग पुढच्या वेळी कुणी म्हणालं, गरिबाला काय करायचीय प्रायव्हसी, तर हसू नका. त्याचं मनगट धरा आणि विचारा, तुझा दोरा कुठाय?

जयभीम.