बाण दाखवेल तिकडे



आपल्या घरांत व्हिडिओ गेमबद्दल साधारण दोनच वाक्यं बोलली जातात. आई म्हणते, "बंद कर ते." मुलगा म्हणतो, "पाचच मिनिटं." बोलणं यापुढे जात नाही. त्या पाच मिनिटांत पोराच्या डोक्यात काय चाललंय, हे आपल्याला कळायचं राहूनच जातं. म्हणून या महिन्यात मी एका गेममालिकेबद्दल लिहायचं ठरवलं आहे. ती खेळणाऱ्यांमध्ये गेली वीसेक वर्षं एक वाद चालू आहे. ही मालिका भागागणिक घसरत गेली का? शाळेत भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या वादात रस वाटण्याचं कारण एवढंच की तो वरवर खेळाचा असला तरी आतून शिकण्या-शिकवण्याचा आहे.

मालिकेचं नाव 'द एल्डर स्क्रोल्स'. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली बेथेस्डा ही कंपनी ती बनवते. या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एक पात्र घेतो, म्हणजे तलवारबाज, चोर, जादूगार असं काहीतरी, आणि एका काल्पनिक मुलखात हवं तिकडे भटकतो. माणसं भेटतात, कामं सांगतात, ती करत करत त्याची कसबं वाढतात. मुख्य भाग पाच आहेत : अरेना (१९९४), डॅगरफॉल (१९९६), मोरोविंड (२००२), ऑब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम (२०११). सहाव्या भागाची छोटीशी झलक २०१८ मध्ये दाखवली गेली, तेव्हापासून चाहते वाट पाहत आहेत.

वादाचा गाभा समजायला तिसरा भाग, मोरोविंड, नीट पाहावा लागतो. त्यात कोणी काम सांगितलं की जायचं कुठे हेही तोच माणूस तोंडी सांगतो. अमुक रस्त्याने उत्तरेला जा, पूल ओलांड, नदी डाव्या हाताला ठेव, दोन टेकड्यांच्या मधून वाट फुटते तिथे वळ, अशा धाटणीचं. आपल्या खेड्यात पाहुण्याला जसा पत्ता सांगतात, अगदी तसंच. हे बोलणं खेळणाऱ्याच्या रोजनिशीत लिहून ठेवलं जातं. पुढे त्याने ते वाचायचं, नकाशा काढायचा, वाटेवरचे दगड-फाटे ओळखायचे. चुकलं तर परत फिरायचं. सुरुवातीच्याच एका कामात मूनमॉथ किल्ल्याजवळच्या जुन्या अवशेषांतून एक कोडं असलेली पेटी आणायची असते. ती इतकी लहान आणि अशा ठिकाणी ठेवलेली की कित्येकांनी तिच्यापायी तासन् तास घालवले. आज तिशी-चाळिशीत असलेले लोक त्या पेटीला अजून नावं ठेवतात, आणि ठेवताना हसतात.

चार वर्षांनी ऑब्लिव्हियन आला. पडद्याच्या तळाशी होकायंत्र आलं आणि त्यावर एक खूण. जिथे जायचं त्या दिशेला ती खूण दिसत राहते. काम सांगणाऱ्याचं बोलणं ऐकलं काय, न ऐकलं काय, खूण तुम्हाला दारापर्यंत नेऊन सोडते. मुलं तिला सरळ 'बाण' म्हणतात, मीही तेच म्हणते. स्कायरिममध्येही हा बाण राहिला.

यात वाईट काय, असं कोणीही विचारेल. बाण नको असेल तर त्याकडे पाहू नका. पण इथेच खरी गोम आहे. स्कायरिममध्ये बाण बंद करून खेळायचं ठरवलं तर बरीच कामं पुरी करणंच कठीण होतं, कारण पात्रं आता पत्ता सांगतच नाहीत. "अमक्या गुहेतून ती वस्तू आणून दे," एवढंच म्हणतात. गुहा डोंगराच्या कुठल्या अंगाला, वाट कुठून, काही नाही. बाण आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्यांनी पत्ते लिहायचे सोडून दिले. सोय म्हणून आलेली गोष्ट काही वर्षांत अशी सवय झाली की जुनी वाटच बुजली.

हे एका बाणापुरतं राहिलं नाही. डॅगरफॉलमध्ये शिकण्यासारखी कसबं ३५ होती. मोरोविंडमध्ये २७ झाली, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. मोरोविंडमध्ये कथेसाठी महत्त्वाचं पात्रही खेळणाऱ्याच्या हातून मरू शकत होतं. मग गेम फक्त बजावून सांगायचा की आता मूळ कथा तुटली, हवं तर जुन्या टप्प्यावर परत जा, नाहीतर तू बिघडवलेल्या या जगातच राहा. ऑब्लिव्हियनपासून अशी पात्रं मरेनाशी झाली. घाव बसला की बेशुद्ध पडायची आणि थोड्या वेळाने उठून उभी राहायची. केलेल्या गोष्टीचा परिणाम भोगायची सोयच काढून टाकली. शिवाय ऑब्लिव्हियनमध्ये खेळणारा जितका ताकदवान होईल तितकेच शत्रूही होत. वाटेवरचा साधा लुटारूही पुढे राजेरजवाड्यांसारखं महागडं चिलखत घालून समोर येई. मग मेहनत करून मिळवलं काय? विद्यार्थ्याने जितका अभ्यास केला तितकीच प्रश्नपत्रिका अवघड करत नेली तर त्याला आपली प्रगती कळणार कशी? या गोष्टीवर इतकी टीका झाली की स्कायरिममध्ये ती बरीच सौम्य करावी लागली.

मोरोविंडमधली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कथेच्या मुळाशी नेरेवार नावाच्या एका प्राचीन सेनापतीचा मृत्यू आहे. तो कसा झाला याची धर्मपीठ एक हकीकत सांगतं, रानोमाळ फिरणाऱ्या टोळ्या दुसरी सांगतात, जुनी पुस्तकं आणखी तिसरी. गेम शेवटपर्यंत ठाम निकाल देत नाही. कोण सांगतंय, त्याने कोणाकडून ऐकलं, त्यात त्याचा फायदा काय, हे खेळणाऱ्याने स्वतः तोलायचं. ज्या उम्मतने रिवायत स्वीकारण्याआधी रावी कोण आणि कसा, हे तपासण्याचं अख्खं शास्त्र उभं केलं, त्या उम्मतच्या मुलांना या कसरतीचं मोल वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲपवर आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलण्याच्या या काळात तर नकोच.

आता दुसरी बाजूही न्यायाने पाहू. पहिली गोष्ट, "आमच्या वेळचं ते खरं" हा सूर प्रत्येक पिढीत असतो. आज मोरोविंडचे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो आला तेव्हा डॅगरफॉलवाले कुरकुरत होते. डॅगरफॉलचा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा मोठा असल्याचं सांगितलं जायचं, त्यात हजारो गावं होती. त्यापुढे मोरोविंडचं बेट त्यांना अंगणाएवढं वाटलं. पण डॅगरफॉलची ती गावं बहुतेक संगणकाने साच्यातून काढलेली, एकासारखी एक. मोरोविंडचं बेट लहान, पण माणसांनी हाताने घडवलेलं. म्हणजे कमी झालं ते प्रत्येक वेळी वाईटच झालं असं नाही.

दुसरी गोष्ट, बदलाला कारणं होती. गेम टीव्हीसमोर सोफ्यावर बसून खेळले जाऊ लागले, आणि तिथून बारीक मजकूर वाचणं त्रासाचं होतं. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक पात्र आवाजात बोलू लागलं. सम्राटाला तर पॅट्रिक स्ट्युअर्टसारख्या नामवंत नटाचा आवाज होता. पण प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं म्हटलं की खर्च वाढतो आणि वाक्यं आटतात. लांबलचक पत्ता सांगणारं पात्र मग परवडत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांची. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाला मोरोविंडमधलं इंग्रजी डोंगराएवढं वाटतं. बाण आहे म्हणून तो त्या दुनियेत निदान शिरू तरी शकतो. दिवसभर दुकानात उभं राहून रात्री अर्धा तास मोकळा मिळणाऱ्या तरुणालाही पूल आणि टेकड्या शोधत बसणं जमत नाही. त्याला दोष देता येणार नाही. आणि स्कायरिमचे बर्फाळ डोंगर, तिथली शांतता, वाट सोडून भटकावं असं वाटायला लावणारी त्याची रचना, हे सगळं खरोखर सुंदर आहे, हे टीकाकारही मान्य करतात.

मग घसरण झाली की नाही? कंपनी खपाकडे बोट दाखवू शकते. स्कायरिमच्या ६ कोटींहून अधिक प्रती गेल्याचं २०२३ मध्ये तिचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी सांगितलं. पण खप ही वेगळी गोष्ट. बाजारात सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक गाईड असतं म्हणून ते सगळ्यात चांगलं पुस्तक ठरत नाही. २००६ मध्ये याच कंपनीने ऑब्लिव्हियनमधल्या घोड्याला घालायचं दिखाऊ चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. लोक हसले, आणि अनेकांनी विकतही घेतलं. पुढे २०१९ मध्ये मालिकेचा ब्लेड्स नावाचा मोबाइलवरचा गेम आला. त्यात सुरुवातीला बक्षिसाची पेटी उघडायला तास तास थांबा, नाहीतर पैसे मोजून लगेच उघडा, असा मामला होता. ज्या मालिकेत पेटी शोधणं हा खेळ होता, तिथे पेटीसमोर बसून वाट पाहणं हा धंदा झाला.

आठवणींचा गोडवा वेगळा आणि खरी घसरण वेगळी. दोन्हींतला फरक ओळखायला माझ्या मते एक साधी कसोटी आहे : बाण बंद करून पाहा. बाण काढल्यावरही ऐकून, वाचून, विचार करून वाट सापडत असेल तर बाण ही निव्वळ सोय आहे. बाण काढताच सगळं ठप्प होत असेल तर काहीतरी हरवलं आहे. या कसोटीवर मालिका देखणी झाली, सोपी झाली, जास्त घरांत पोहोचली, पण खेळणाऱ्याच्या अकलेवर टाकलेला भरवसा तिने भाग-भाग करून काढून घेतला. मी यालाच घसरण म्हणेन. आणि तो भरवसा हवा असणारे लोक संपलेले नाहीत. 'टॅमरिएल रीबिल्ट' या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक वीस वर्षांहून जास्त काळ, एक पैसाही न घेता, मोरोविंडच्या बेटापलीकडचा मुलूख उभा करत आहेत, आणि तिथेही पत्ता शब्दांतच सांगितला जातो.

हीच कसोटी आता आपल्या घराला लावू या. मुलाच्या हातातून गाईड काढून घेतलं तर धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर त्याला धड्यात सापडतं का? वर्गात मी पाहते, हुशार म्हणवली जाणारी मुलंसुद्धा धडा न वाचता थेट उत्तराच्या ओळीला खूण करून मागतात. "मॅडम, कुठून कुठपर्यंत?" हा त्यांचा बाण. मक्तबात नाजरा पूर्ण केलेल्या मुलीला रोज नमाजमध्ये म्हणत असलेल्या सूरहचा अर्थ विचारला तर सांगता येतो का? तिलावतचा सवाब आपल्या जागी आहेच, पण पहिल्या वहीची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली, ती काय केवळ ओठ हलवण्यासाठी? आणि आपण पालक? मुलाने कुठली शाखा घ्यावी, कोणाशी बोलावं, काय वाचावं, प्रत्येक वळणावर आपणच बाण होऊन उभे राहतो. मग बाविसाव्या वर्षी तो परक्या शहरात एकटा पडला की गोंधळतो, आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना काही समजत नाही.

याचा अर्थ पोराच्या हाती बिनधास्त गेम द्यावा असा कोणी काढू नये. या मालिकेत अनेक देवता, मूर्ती, जादू, दारू, खूनखराबा आहे. अमेरिकेच्या मानांकनात मोरोविंड १३ वर्षांवरील मुलांसाठी आहे. ऑब्लिव्हियनलाही आधी तेच मानांकन होतं, ते २००६ मध्येच बदलून १७ वर्षांवरील केलं गेलं, आणि स्कायरिमलाही तेच आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाच्या मोबाइल-कॉम्प्युटरवर यातलं काही दिसलं तर ते त्याच्या वयाचं नाही, हे स्पष्ट सांगावं. मोठ्या मुलाबरोबर मात्र बसावं आणि विचारावं : या दुनियेतल्या देवता आणि आपला तौहीदचा अकीदा यात तुला काय फरक दिसतो? नमाजचा वक्त झाला की तुला उठता येतं का? तारुण्य कशात घालवलं याचा जाब उद्या द्यायचा आहे, ही हदीस त्याला ठाऊक असतेच. ती ओरडून सांगण्यापेक्षा शेजारी बसून आठवण करून दिली तर मनात उतरते.

आणि या सुट्टीत एक छोटी गोष्ट करून पाहा. घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलीला गावातल्या किंवा शहरातल्या एखाद्या नातेवाइकाकडे ईदची मिठाई पोचवायला पाठवा. मोबाइलचा नकाशा न देता पत्ता तोंडी सांगा : मशिदीपासून उजवीकडे, पिठाच्या गिरणीपुढची दुसरी गल्ली, हिरवं फाटक. काळजी वाटली तर मागोमाग एखाद्या मोठ्याला जाऊ द्या, पण वाट दाखवू देऊ नका. मूल चुकेल, विचारेल, परत फिरेल. मिठाईचा डबा थोडा उशिरा पोचला तरी खालाजान रागावणार नाहीत.