मासा रीफ-सेफ, आणि आपण?

गोड्या पाण्यातला एंजल आपल्याला नवा नाही. पण खाऱ्या पाण्यातल्या एंजलची गोष्टच न्यारी! रंग एकदम नाद खुळा, फक्त खोड वाईट. यातले बरेचसे प्रवाळ कुरतडतात. अपवाद जेनिकँथस घराण्याचा. त्यातला लामार्क बघा: चंदेरी अंग, काळे आडवे पट्टे, कात्रीसारखी शेपटी. हा पठ्ठ्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो, प्रवाळाच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून तो ‘रीफ-सेफ’. आणखी गंमत म्हणजे हे सगळे आधी मादी असतात. पुढे त्यातल्या दांडग्या मादीचा नर होतो.

आता हिशेब. मासा वीतभर वाढतो, त्यामुळे टँक किमान 450 लिटरचा हवा. लिटरला 35 ग्रॅम म्हणजे जवळपास 16 किलो मीठ, तेही अ‍ॅक्वेरियमसाठीचं खास, किचनमधलं नव्हे. पाणी आरओचं. दर रविवारी 45 लिटर बदलायचं. वर झाकण, कारण हा उडी मारतो. आणि वळीव आला की आपल्याकडे लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप हवाच. खाणं दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. दिवसभर ऑफिसात असाल तर घरच्यांना आधीच पटवा.

लामार्क बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडून आणतात. खोलातून घाईत वर ओढला, तर पोटातली हवेची पिशवी फुगते नि मासा तिरका पोहतो. दुकानात तो सरळ पोहतोय का, समोर टाकलेलं खातोय का, हे बघूनच पैसे काढा.

खरी मेख पुढेच आहे. मासा रीफ-सेफ असला, तरी रीफ घरी आणायला आपल्याला परवानगी नाही. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या रांगेत! शोसाठी ठेवलेला वाळलेला तुकडासुद्धा चालत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. ‘सगळेच ठेवतात हो’ म्हणणारा दुकानदार तेव्हा सोबत येणार नाही.

माझं मत विचाराल, तर टँकमध्ये सिरॅमिकचे खडक लावा, लामार्क त्यात मजेत राहतो. त्याला पोहायला मोकळी जागा हवी, महागडं डेकोरेशन नको. आणि खरं प्रवाळ बघायचंच असेल, तर घाट उतरून मालवण गाठा. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. स्नॉर्केलिंग करा, डोळे भरून बघा. फक्त हात लावू नका. रीफ-सेफ व्हायचं, ते आपण!