बेटावरचा खाजगी माणूस

रहस्यकथेच्या रूपबंधात बेट ही मोठी सोयीची जागा मानली जाते. बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या, संशयित मोजके. म्हणजे बंद खोलीचेच ते विस्तारित रूप. आगाथा ख्रिस्ती यांच्या 'अ कॅरिबियन मिस्टरी' (१९६४) या कादंबरीतील काल्पनिक बेट याच जातीचे आहे. तेथील ऊन आणि समुद्र हे हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांच्या गुन्ह्याला लाभलेले नेपथ्य होय. मृत मेजरच्या खोलीतील औषधाची बाटली तेथे पूर्वी नव्हती, हे ध्यानात येते ते व्हिक्टोरिया या स्थानिक कामकरी तरुणीच्या. तिचाही खून होतो. तिच्या घरादाराशी मात्र कथनाला फारसे कर्तव्य राहत नाही.

क्यूबाच्या लिओनार्दो पादुरा यांच्यापुढील अडचण निराळी होती. खाजगी गुप्तहेर हे मुळात बाजारव्यवस्थेचे अपत्य: अशील येतो, शुल्क ठरते, शोध सुरू होतो. क्यूबात १९६८ मध्ये उरलेसुरले खाजगी व्यवसायही सरकारजमा झाले. सत्तरच्या दशकात तेथील गृहमंत्रालयाने पोलिसी कादंबरीसाठी स्पर्धा घेतल्या, आणि त्या परंपरेतला नायक बहुधा निष्कलंक सरकारी अधिकारी असे. अशा भूमीत 'खाजगी' शोध घेणार कोण, आणि कोणाच्या अधिकाराने?

पादुरांचा मारिओ कोंदे प्रारंभी पोलीसच आहे. १९८९ या एकाच वर्षाच्या चार ऋतूंत घडणाऱ्या चार कादंबऱ्यांपैकी पहिली १९९१ मध्ये, तीही मेक्सिकोत, प्रसिद्ध झाली. चौथीत (१९९८) हवानावर चक्रीवादळ घोंगावत असताना कोंदे नोकरीतून बाहेर पडतो. 'ला नेब्लिना देल आयेर' (२००५) या कादंबरीत तो जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री करून जगतो. हा व्यवसाय योजण्यात पादुरांची खरी जाण दिसते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या टंचाईत हवानातील अनेकांनी घरातली पुस्तके विकून चूल पेटती ठेवली होती. वेदादो वस्तीतील एका जुन्या वाड्यात उपासमारीने खंगलेली भावंडे असाच एक अमोल ग्रंथसंग्रह विकायला काढतात. त्यातल्या एका पुस्तकात कोंदेला क्रांतिपूर्व काळातील एका बोलेरो-गायिकेविषयीचे मासिकाचे पान सापडते. तिचे पुढे काय झाले हे शोधण्यासाठी त्याला कोणी नेमलेले नसते. उलट, त्या भावंडांतील भावाचा खून होतो तेव्हा संशय कोंदेवरही येतो. ज्या खात्यात तो कधी काळी होता, त्यालाच आता जबाब द्यावा लागतो. परवान्यावाचूनचे हे खाजगीपण नोकरी सोडल्यामुळे त्याच्या वाट्याला आले आणि त्याने ते जपले.

पादुरांच्या रहस्याची गाठ सैल असते, हा आक्षेप रास्त आहे. गायिकेच्या मृत्यूचा उलगडा तर अतिनाट्याच्या फार जवळ जातो. परंतु गाठ सैल म्हणून कृती दुय्यम, हे मान्य करता येत नाही. (बाबूराव अर्नाळकरांच्या अफाट वाचकवर्गाकडे पाठ फिरवून रहस्यकथेला 'रंजनपर' कप्प्यात टाकणाऱ्या मराठी समीक्षेने तर हा निर्णय अधिकच जपून द्यावा.) 'ला नेब्लिना'तील खरा ताण खुनाच्या तपासाइतकाच पुस्तकांच्या वर्गवारीत आहे. कोंदेचा तरुण भागीदार नफ्याचे आकडे मांडत असतो. पैशाची निकड कोंदेलाही तेवढीच असते. तरीही काही ग्रंथ देशाबाहेर जाता कामा नयेत म्हणून तो ते बाजूला काढून ठेवतो.