‘राजी’ची दुसरी लढाई: त्रिशूळ देवीचा, पवित्रा कुणाचा?

१/
पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० साली आला. त्याचा पुढचा भाग ‘राजी: कलियुग’ या नावाने जाहीर झाला आहे. आजची मालिका त्याच्या एकाच अंगाविषयी आहे: लढाई. माझे मत आरंभीच मांडतो. शस्त्र पुराणातून मिळते, पण ते चालवणारा हात कुठल्यातरी तालमीत घडलेला असतो. राजीचा हात आपल्या मातीतल्या तालमींत घडावा आणि तिच्या लढाईचे नियम पुराणकथेतूनच निघावेत.

२/
ज्यांनी पहिला भाग खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी तरुणी. असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्यही तिच्या हाती येते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा उलगडत जाते. वास्तू राजस्थानातील जुन्या महालांची आठवण करून देतात, तर काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात समोर येतात.

३/
या गेमची जन्मकथाही ध्यानात ठेवावी. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी उभारलेल्या या स्टुडिओने २०१७ साली लोकवर्गणीचे आवाहन केले होते. ते ठरलेल्या रकमेपर्यंत पोहोचले नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. एवढ्या कष्टाने उभ्या राहिलेल्या कामावर टीका करायची तर ती आपुलकीनेच करायला हवी.

४/
पहिल्या भागातील लढाईत एक गोष्ट फार सुरेख होती. राजी भिंतीवर धावत जाऊन उलटी झेप घेई, खांबाभोवती गिरकी मारून शत्रूवर तुटून पडे. ती कसरतपटू आहे हे तिच्या अंगातून दिसे. मात्र तिने त्रिशूळ हाती घेतला की ही ओळख पुसट होई. त्रिशूळाचे वार कुठल्याही परदेशी गेममधल्या भाल्याचे असावेत असे वाटत. अंगण बंद होते, असुर येतात, सारे मेले की वाट मोकळी होते. त्या त्रिशूळाच्या जागी ग्रीक भाला ठेवला असता, तरी लढाईत काय बदलले असते? फारसे काही नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

५/
आता त्या खांबाकडे पुन्हा पाहू. खांबाभोवती शरीर फिरवण्याची एक पूर्ण विद्या महाराष्ट्रात आहे: मल्लखांब. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविद्येचे सविस्तर वर्णन आहे, आणि मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचाही त्यात उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले. आज आपण जो मल्लखांब पाहतो, त्याची परंपरा त्यांच्यापाशी जाऊन पोहोचते.

६/
बाळंभटदादांविषयी एक आख्यायिका सांगतात. निजामाच्या मुलखातून आलेल्या पहिलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले आणि तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे देवीच्या कृपेने त्यांना खांबावरची ही विद्या गवसली. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण सप्तशृंगी ही अठरा हातांची, प्रत्येक हाती आयुध घेतलेली महिषासुरमर्दिनी आहे, हे विसरू नका. खांबावर अंग फिरवण्याची विद्या शस्त्रधारिणी देवीकडून मिळाली असे सांगणारी कथा लोकमानसाने केव्हाच रचून ठेवली आहे. राजीच्या लेखकांना याहून अधिक तयार धागा कुठे मिळणार?

७/
दुसरे उदाहरण दांडपट्ट्याचे. लांब, सरळ, लवचीक पाते आणि कोपराच्या दिशेने हात झाकणारी लोखंडी मूठ. हात या मुठीत गेला की मनगट बांधले जाते. तलवारीसारखे ते वळवता येत नाही. म्हणून पट्ट्याचा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, पाय सतत फिरते राहतात आणि पट्टेकरी स्वतःभोवती पात्याचे कडे उभे करतो. एकट्याने अनेकांना थोपवण्यासाठी ही रीत फार उपयोगी. प्रतापगडावर १६५९ साली जिवा महालाने दाखवलेले शौर्य परंपरेने याच शस्त्राशी जोडले आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

८/
तिसरे उदाहरण विट्याचे. विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकण्याचा भाला. दोरीचे दुसरे टोक मनगटाला असते. भाला फेकायचा, घाव घालायचा आणि हिसका देऊन परत ओढायचा. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये क्रेटॉसची कुऱ्हाड जादूने हातात परत येते, आणि त्या एका हालचालीवर जगभरचे खेळाडू लुब्ध झाले. आपल्याकडे तेच काम दोरीने आणि सरावाने होत असे. राजीच्या त्रिशूळाला अशी दोरी लावली, तर फेकीचे अंतर, ओढण्याचा वेळ, दोरी अडकण्याचा धोका असे किती निर्णय खेळणाऱ्यापुढे उभे राहतील!

९/
असे कुणी केले आहे का? चीनच्या ‘ब्लॅक मिथ: वुकोंग’ने २०२४ साली करून दाखवले. सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीतल्या वानरवीराची ही कथा. प्रकाशनानंतर तीन दिवसांत तिच्या एक कोटी प्रती खपल्या. तिथे दंडाने लढण्याचे तीन पवित्रे आहेत, आणि त्यांतल्या एकात नायक उभ्या दंडाच्या टोकावर चढून बसतो. मल्लखांब पाहिलेल्या कुणालाही ते दृश्य परके वाटणार नाही. वानराचा स्वभाव, त्याचे शस्त्र आणि त्याची चाल तिथे एकजीव झाली आहे. यशाची कारणे अनेक असतील, पण लढाईला स्वतःचा चेहरा होता, हे त्यांतले एक निश्चित.

१०/
शरीराची चाल झाली, आता नियमांकडे वळू. ‘देवीमाहात्म्य’ हा मार्कंडेय पुराणाचा भाग. अभ्यासक त्याचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास मानतात. त्यातले महिषासुराचे युद्ध नीट वाचा. देवी रेड्याला पाशात अडकवते, तो सिंह होतो. सिंहाचे मस्तक उडवते, तो खड्गधारी पुरुष होतो. त्यावर बाण सोडते, तो हत्ती होतो. सोंड छाटते, तो पुन्हा रेडा होतो. अखेरीस देवी त्याच्या मानेवर पाय देते, शूळ खुपसते आणि रेड्याच्या मुखातून अर्धवट बाहेर पडलेल्या असुराचा शिरच्छेद करते.

११/
इथे प्रत्येक रूपाला वेगळे शस्त्र लागले: पाश, बाण, खड्ग, शूळ. रूप बदलले की उत्तर बदलायचे. रक्तबीजाची कथा तर याहून तिखट. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो, म्हणजे अधिक वार केले की अधिक शत्रू. तिथे कालीला मुख पसरून रक्त वरच्यावर प्यावे लागते आणि चंडिकेला वार करावे लागतात. दोघींनी मिळून लढल्याखेरीज हा असुर मरत नाही. कळ दाबत सुटणाऱ्या खेळाडूला यासारखा गुरू दुसरा नाही. असुराचा वर हाच लढाईचा नियम, ही सूत्ररचना आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे.

१२/
आणि लढाई कधी नसावी, हेही पुराणप्रतिमा सांगतात. मी राहतो त्या नागपूरच्या प्रताप नगरापासून रामटेक साधारण पन्नास किलोमीटरवर. गडावर वाकाटक काळातील, पाचव्या शतकातील केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह यांची मंदिरे आहेत. नृसिंह म्हटले की मांडीवर हिरण्यकशिपू आणि पोटात रुतलेली नखे डोळ्यांपुढे येतात. रामटेकचा नृसिंह तसा नाही. तो एकटा, एक गुडघा उंचावून, चक्र बाळगून स्वस्थ बसला आहे. असुराचा मागमूस नाही. त्या विशाल देहाचे सामर्थ्य त्याच्या स्थिरतेतच जाणवते. उत्तम गेममध्ये अशी एखादी जागा हवी, जिथे खेळाडू शस्त्र खाली घेऊन नुसता उभा राहील.

१३/
यावर एक आक्षेप रास्त आहे. पुराणातली देवी आणि मध्ययुगातला पट्टा एकत्र आणणे म्हणजे काळाची सरमिसळ नव्हे काय? इतिहासाच्या वाचकाने हा प्रश्न विचारायलाच हवा. माझे उत्तर असे. राजीचे जग कल्पित आहे आणि तिथल्या वास्तू मुळातच मध्ययुगीन वळणाच्या आहेत. शिल्पकारांनीही देवीच्या हाती आपापल्या काळातील आयुधे दिली. अट एकच: गेममधील पट्टा पाहून कुणी ‘पुराणकाळी पट्टा होता’ असा पुरावा मांडू नये. पुराण हे पुराण आणि पट्ट्याचा इतिहास हा इतिहास. दोन्हींवर प्रेम करायचे तर त्यांतली सीमारेषा आखता आली पाहिजे.

१४/
दुसरा आक्षेप व्यवहाराचा. छोटा स्टुडिओ, मर्यादित पैसा. क्रेटॉस किंवा वुकोंग यांच्यामागे उभे राहिलेले बळ पुण्याच्या मंडळींनी कुठून आणावे? शिवाय गेम आधी रंजक हवा, अभ्यासपूर्ण नंतर. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. परंतु पट्ट्याचे पवित्रे शिकवणारा वस्ताद परदेशातून आणावा लागत नाही. कोल्हापूरचे मर्दानी खेळ पुण्याहून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. रंजकतेविषयी म्हणाल, तर वर सांगितलेला विटा आणि रक्तबीज पुन्हा आठवा. त्यांत रंजकता कमी आहे असे कोण म्हणेल?

१५/
या साऱ्यात खरोखर पणाला काय लागले आहे, ते आता सांगतो. पट्टा, बोथाटी, फरीगदगा, विटा ही विद्या पुस्तकांत फार थोडी उतरली. ती वस्तादाच्या अंगातून शिष्याच्या अंगात गेली. आमच्या विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाची परंपरा जपली आणि १९३६ साली त्याच्या चमूने बर्लिनमध्ये ऑलिम्पिकच्या वेळी तिचे प्रदर्शन केले. पण साखळीतला एक वस्ताद शिष्याविना गेला, की त्याच्याबरोबर एखादा पवित्रा कायमचा जातो. ग्रंथ हरवला तर नक्कल सापडू शकते. हालचालीची नक्कल कुठे शोधणार?

१६/
गेम बनवताना माणसाच्या अंगाला खुणा लावून त्याच्या हालचाली संगणकात उतरवतात. हे तंत्र मोशन कॅप्चर म्हणून ओळखले जाते. तेच तंत्र एखाद्या वृद्ध वस्तादाच्या पवित्र्यांची नोंद करू शकते. ती नोंद राजीच्या अंगात गेली, तर गावोगावची मुले ती बोटांनी शिकतील, आणि त्यांतली काही उद्या तालमीची पायरी चढतील. राज्यशस्त्राच्या घोषणेने जे साधत नाही, ते कदाचित यातून साधेल. श्रेयनामावलीत त्या वस्तादाचे नाव यावे आणि त्याच्या विद्येचे मोल त्याला रोख मिळावे, एवढी अट मी आवर्जून घालीन.

१७/
आपणही काही करू शकतो. पुढचा भाग आला की केवळ चित्रांची वाहवा करून थांबू नका. राजीचा पाय कुठे पडतो, वार मनगटातून येतो की कमरेतून, महिषासुरासमोर शस्त्र बदलावे लागते की नाही, हे पाहा आणि लिहा. आपल्या गावात पट्टा किंवा मल्लखांब शिकवणारे कुणी असेल, तर त्यांच्या अनुमतीने त्यांच्या हालचाली चित्रित करून ठेवा. पुण्याच्या त्या मंडळींना मनापासून शुभेच्छा. देवीने राजीला त्रिशूळ दिलाच आहे. पवित्रा द्यायला आपल्याकडे अजून वस्ताद शिल्लक आहेत, तोवर त्यांना विचारायला हवे.