उतारूंची खोली

संगणकावर अवकाशयान बांधण्याचे जे खेळ हल्ली मुले खेळतात, त्यांत ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा खेळ विशेष नावाजलेला आहे. मेक्सिकोतील एका कंपनीने तो २०११ साली लोकांपुढे आणला. २०१५ साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. टाक्या, इंजिने, हवाई छत्र्या असे सुटे भाग एकावर एक रचावयाचे, कर्बल नावाच्या हिरव्या चिमुकल्या मंडळींना आत बसवावयाचे आणि यान उडवावयाचे. गुरुत्वाकर्षण, इंधनाचे वजन, हवेचा विरोध यांचे नियम त्यात बरेचसे खऱ्यासारखे चालतात.

या सुट्या भागांत उतारूंची खोली हाही एक भाग आहे. लहान खोलीत दोघे बसतात, सर्वांत मोठीत सोळा. चालक-कक्षात आणि हिच्यात एक मोठा भेद आहे. हिच्यात बसून यान हाकता येत नाही. उतारूने नुसते बसावयाचे; त्याचे बरेवाईट सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती.

खेळणाऱ्याचे लक्ष मात्र बहुधा चालकाकडेच असते. संकटकाळी निसटता यावे म्हणून यानाच्या टोकावर एक छोटा मनोरा बसवतात. तो पेटला की चालक-कक्षाला उचलून दूर नेतो. परंतु यानाचे भाग जेथून सुटे व्हावयाचे तो जोड कक्षाच्या लगेच खाली असेल आणि उतारूंची खोली त्याच्याही खाली, तर चालक सुटतो आणि उतारू पेटत्या टाक्यांवर राहतात!

यावर कोणी म्हणेल, खेळच तो. उड्डाण पुन्हा आरंभता येते, सोप्या श्रेणीत तर हरवलेले कर्बल काही काळाने परतही येतात. चुकल्यावाचून मूल शिकणार कसे? हे म्हणणे खोटे नाही. पण ही चूक निराळ्या जातीची आहे. इंजिन कमी पडले तर ते तत्काळ दिसते; ही मात्र यान सुखरूप वर गेले की दिसतच नाही.

खऱ्या यानांतही हे घडले आहे. अमेरिकेच्या ‘कोलंबिया’च्या पहिल्या चार उड्डाणांत, १९८१ व १९८२ साली, दोघेच जण होते आणि दोघांनाही आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय होती. पाचव्या खेपेस चौघे निघाले. उरलेल्या दोघांना तशी आसने नव्हती. तेव्हा पहिल्या दोघांचीही सोय बंद ठेवण्यात आली. न्याय समान झाला खरा! पुढे २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी भंगले. आतील सातांपैकी क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या; त्यांचे आसन खालच्या मजल्यावर होते. थंडीत रबरी कड्या दगा देतील, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. ते मानले गेले नाही. त्या चर्चेत यानात बसणारांपैकी कोणीही नव्हते.

म्हणून यान उडवण्यापूर्वी मुलाने उतारूंच्या खोलीपासून जमिनीपर्यंतची वाट शोधून पाहावी. सुटण्याचा जोड खोलीच्या वर नव्हे, खाली बसवावा. दोन्हींना पुरतील एवढ्या छत्र्या लावाव्यात. मनोरा जड होईल, यान कदाचित चंद्रापर्यंत पोचणार नाही. मग एक टाकी वाढवावी, नाहीतर चौघांऐवजी दोघांनाच न्यावे.