पायाखाली कोण आहे?

"मूर्ती पूजेला नाही, अँटिक म्हणून ठेवली आहे," असे आपले काही शिकलेले तरुण हल्ली सांगतात. पेण-रोह्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये शोकेसात काळसर पितळेची महिषासुरमर्दिनी, शेजारी नटराज आणि वर भिंतीवर बाबासाहेब. हळद-कुंकू नाही, आरती नाही, मग बिघडले काय?

मित्रांनो, पूजा थांबली म्हणून मूर्तीचे बोलणे थांबत नाही. तिच्या हातातले शस्त्र नंतर पाहा, आधी पायाखाली कोण आहे ते पाहा. देवीच्या पायाखाली महिषासुर. नटराजाच्या पायाखाली अपस्मार. वामनाच्या पायाखाली बळी. जिंकणाऱ्याला मुकुट आणि दागिने, हरणाऱ्याला चिरडलेला देह. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हा बळी आपल्या बाजूचा राजा म्हणून ओळखला आणि वामनाला कपटी ठरवले. बळीचे राज्य येवो म्हणणाऱ्या आयाबायांची लेकरे त्याच वामनाला शोकेसात बसवणार का?

"ही कला आहे," असे उत्तर येते. आहेच. कारागिराच्या हाताशी आपले भांडण नाही, मूर्ती फोडा असेही कोणी म्हणत नाही. संग्रहालयात जाऊन जरूर अभ्यास करा. पण तिथे मूर्तीखाली काळ आणि ठिकाण लिहिलेले असते. तुमच्या शोकेसात फक्त धूळ पुसली जाते, प्रश्न विचारला जात नाही. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती हा पुरावशेष ठरतो. त्याच्या विक्रीला परवाना लागतो, मूर्तीची नोंदणी लागते. म्हणजे तुमचे 'अँटिक' एक तर कायद्याच्या कचाट्यात आहे, नाही तर नव्या पितळेला काळे फासून तुमच्या गळ्यात मारलेले आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यात केवळ पूजा नाकारलेली नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार, हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे, असेही त्यात बजावले आहे. दशावताराच्या पट्टीत नवव्या जागी अनेकदा बुद्धच बसवलेला असतो. तोच खोटा प्रचार पितळेत ओतून तुम्ही पैसे देऊन घरी आणता. धर्मांतरानंतर आपल्या माणसांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत, विहिरीत सोडले. घरात दाणा नव्हता, टाक मोडून चार पैसे आले असते. तरी विकले नाहीत. आज पोट भरल्यावर आपण ते विकत घेतो!

जुन्याचीच आवड असेल तर रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यातल्या कुडा लेण्यांत जा. तिथल्या ब्राह्मी लेखांत माळ्याचे दान आहे, वैद्याचे आहे, भिक्खुणीचेही आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा ठेवा. त्यात कष्टकरी माणूस कोणाच्या पायाखाली नाही, त्याचे दान दगडात कोरलेले आहे.

याच जिल्ह्यातल्या महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. ग्रंथातली उतरंड जाळणाऱ्यांचे वारस आपण, पितळेतली उतरंड ओळखायला तरी शिकूया.

जय भीम!