वकिलाच्या आठवणींची उलटतपासणी

नामांकित वकिलाच्या आठवणी हाती आल्या की आपला वाचक न्यायाधीशाचे आसन सोडून पक्षकार होतो. पनवेलला एम. ए.च्या वर्गात आत्मपर लेखन शिकवताना हे मी वारंवार पाहिले आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या अध्यापनाचा आहे.

पी. एल. इनामदार यांचे उदाहरण घ्या. ग्वाल्हेरच्या या मराठी वकिलाने गांधीहत्येच्या खटल्यात डॉ. दत्तात्रय परचुरे आणि गोपाळ गोडसे यांचे वकीलपत्र घेतले. परचुरे १९४९ मध्ये अपिलात निर्दोष सुटले. लाल किल्ल्यातील खटल्याची इनामदारांची इंग्रजी हकीकत १९७९ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिच्यातून हमखास उचलला जाणारा भाग एकच : आरोपींच्या पिंजऱ्यात सावरकर नथुरामकडे मान वळवूनही पाहत नसत. एकाला त्यात कट लपवण्याची धडपड दिसते, दुसऱ्याला निरपराध माणसाची सावधगिरी. दोघेही उतारा पुराव्यासारखा नाचवतात. वाचत कोणीच नाही.

वाचणे म्हणजे काय? इथे तीन थर आहेत. मान न वळवणे हे वकिलाने डोळ्यांनी पाहिलेले. त्यामुळे नथुराम दुखावला, हे त्याच्याच तोंडून ऐकलेले. आणि ही अलिप्तता हेतुपुरस्सर होती, हे वकिलाने लावलेले विशेषण. साक्ष, ऐकीव आणि अनुमान यांची अशी सरमिसळ न्यायालयात क्षणभरही टिकली नसती. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही म्हणूनच न्यायमूर्ती आत्माचरण यांनी सावरकरांना सोडले. ही पुष्टी आपण वकिलाच्या आठवणींकडे मात्र कधी मागत नाही!

म्हणून अशी पुस्तके टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. निकालपत्रात न मावणारा पिंजरा, तिथली शांतता, माणसांमधले अंतर त्यांच्यातच उरते. अपील ऐकणाऱ्या खंडपीठातील न्या. गो. दा. खोसला यांनीही १९६३ मध्ये त्या खटल्यावर लिहिले. एकाच खटल्यावरची ही दोन पुस्तके, एक वकिलाचे व एक न्यायाधीशाचे, शेजारी ठेवून वाचायला लावा. निवेदकाचे स्थान, काळाचे अंतर, विशेषणांचा पक्षपात या संज्ञा मग विद्यार्थ्यांना पाठ कराव्या लागणार नाहीत.

वकिलाचे अखेरचे भाषण निकालानंतर होते, आणि तेव्हा प्रतिपक्ष हजर नसतो. ती जागा वाचकाची आहे. ती रिकामी ठेवून आपण साहित्य शिकवतो असे म्हणू नये.